सुलभाचं नाक

होळी होऊन गेली की आमच्या लालबागमध्ये माणसं शिंकायला लागतात. आजारपणाच्या शिंका नव्हेत त्या. मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची पोती सुटतात, कढया चढतात, कांडपाची यंत्रं सकाळपासून धपाधप चालू होतात आणि त्या लाल धुळीत जो कोणी पाऊल टाकील, मग तो पोस्टमन असो नाहीतर गाडीतून उतरलेली बाई, तो आधी एक सणसणीत शिंक देतो, नाक पुसतो आणि मगच भाव विचारतो.

गेल्या आठवड्यात मी भाजीला उतरले होते. गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी, कडेवर वर्षाचं पोर. पोराच्या नाकाला धार लागलेली, अगदी पाण्यासारखी पातळ. आई ओढणीने पुसतेय, की परत धार. ती बिचारी वैतागलेली. मी थांबून म्हटलं, "वाहू दे गो. चांगलं नाक आहे त्याचं." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की म्हातारीचं काहीतरी हललंय.

तिचंही बरोबरच. कोणाच्या शेंबड्या पोराचं कोण कौतुक करतं? पण गेल्या वर्षी ह्याच दिवसांत मी अशा वाहत्या नाकांवर जळत होते. खोटं कशाला सांगू? दागिन्यांवर जळणाऱ्या बायका असतात, सुनांवर जळणाऱ्या असतात. मी एक अख्खा उन्हाळा दुसऱ्यांच्या नाकांवर जळले. आणि त्यातलं सगळ्यात जास्त जळणं माझ्या धाकट्या जावेच्या नाकावर, सुलभाच्या.

सुलभा म्हणजे माझ्या दिराची बायको. आम्ही मूळचे मालवणकडचे. ह्यांची आणि दिराची, दोघांची उमेद गिरणीत गेली. चाळीत आम्ही दोघी एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे नांदलो. चाळ पडून टॉवर झाला तेव्हा सतराव्या मजल्यावर समोरासमोरची दारं मिळाली. म्हणजे चाळ गेली, पण सुलभा समोरच राहिली. सुलभा उंच. सुलभा गोरी. सुलभाचे गुडघे अजून कुरकुरत नाहीत, जिन्यात तिला श्वास लागत नाही आणि ती हसली की अनोळखी माणूससुद्धा हसतो. हे सगळं मी इतकी वर्षं मुकाट सोसलं, कारण घरात नाक माझं होतं.

नाक माझं होतं म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे वर्षाचा मसाला एकदाच होतो, दोन्ही घरांचा मिळून. बेडगी, काश्मिरी, थोडी लवंगी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, असा सगळा पसारा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. आणि भाजताना कढईशी घरातली एक बाई उभी राहते. ती काही ढवळत नाही, काही घालत नाही. नुसती वाकते, वास घेते आणि म्हणते, "काढ." तिने म्हटलं की कढई उतरली. धणे आधी ओल्या गवतासारखे वास मारतात, मग भिजल्या मातीसारखे, मग एक क्षण असा येतो की वास गोड होतो, भाजक्या शेंगदाण्याच्या जवळपास जातो. तो क्षण पकडायचा. पुढे गेलं की करपट, अलीकडे राहिलं की वर्षभर आमटीला कच्चट वास. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, रंग फसवतो.

हे काम सासूबाईंचं होतं. त्या थकल्या तेव्हा एका वर्षी कढईशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "गो, जरा वास घेवन बघ. झालो काय?" मी वाकले आणि म्हटलं, "अजून नाही." त्यांनी स्वतः वास घेतला नाही. मी सांगेपर्यंत थांबल्या. बस. तेव्हापासून मी. सुलभा तेव्हा बाजूला डबा धरून उभी होती, आणि पुढेही डबा धरूनच उभी राहिली. चाळीच्या गॅलरीत उभी राहून कोणाकडे बांगडा तळतात आणि कोणाकडे सौंदाळा, हे मी सांगायचे. लोक गंमत म्हणून पैजा लावायचे. सुलभा हसायची. मला ते हसू तेव्हा गोड वाटायचं, कारण वरचढ मी होते.

मग गेल्या वर्षी माघ सरता सरता ती सर्दी आली. ते दिवस तुम्हाला माहीत आहेत, सकाळी शाल, दुपारी घाम, समोर नवीन टॉवर चाललेला, खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं की सिमेंट. घरात सगळ्यांना झालं. ह्यांना झालं, ते चार दिवस खोकून उठले. दिराला झालं. सुलभाला झालं, तिने दोन दिवस ओव्याची पुरचुंडी हुंगली आणि तिसऱ्या दिवशी घावणे घालत होती. माझा ताप गेला, अंगदुखी गेली, पण नाक काही सुटेना. आधी वाहिलं, मग घट्ट झालं, मग जागच्या जागी बसलं. शिंकरून काही येत नाही, आत ओढून काही जात नाही. नाकाच्या जागी कोणीतरी ओली माती लिंपून ठेवल्यासारखं. वाफ घेतली, निलगिरी घातली, वेखंड उगाळून लावलं. निलगिरीचा नुसता गारवा कळला, वास नाही.

वास गेलाय हे मला सुलभानेच सांगितलं. मी ओट्याशी भाजी चिरत उभी. दार वाजलं आणि ही पदर खोचत आत. "वहिनी, दूध लागलंय तुमचं." मी मागे वळून बघितलं तर दूध पातेल्याच्या तळाशी काळं झालेलं, धूर वर चढलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि तिला दोन दारं ओलांडून कळलं. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं पाण्यात ठेवलं. एक टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

मग दादरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरणीकडे. लहानशी पोरगी, नाकात नळी घालून बघितलं आणि मला विचारलं, "मावशी, शेंबूड म्हणजे घाण, असं वाटतं ना तुम्हाला?"

"मग काय अत्तर?" मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, "नाकाच्या आतल्या अस्तराला डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक केस असतात. हे बाहेर डोकावतात ते नव्हेत. त्यांच्यावर शेंबडाचा पातळ थर पसरलेला असतो. धूळ, धूर, जंतू, काही आत आलं की त्या थराला चिकटतं. आणि ते केस सगळे मिळून एका तालात हलतात, थराला घशाकडे सरकवतात. आपण नकळत गिळून टाकतो. पोटात गेलं की त्याचा निकाल लागला. जन्मल्यापासून हे चालू असतं, आपल्याला पत्ता नसतो."

"मग माझंच का बंद पडलं?"

"व्हायरस नेमका त्याच पेशींत शिरतो. केस झडतात, काही ठिकाणी पेशीच गळून पडतात. उरलेले केस ताल सोडून हलतात. मग थर सरकत नाही, घट्ट होतो, साचतो. नवीन केस येतील, पण आठवडे लागतील. वासाच्या पेशी त्याच्याही वर असतात. त्यांना आणखी वेळ."

हे माझ्या शेजारी बसलेले. गिरणीतला माणूस, लगेच म्हणाले, "म्हणजे नाकात संप झालाय. नवे कामगार भरती होईपर्यंत खातं बंद."

मला तेव्हा गिरणी नाही आठवली. मला आमच्या गावचा मळा आठवला. भाद्रपदातलं भात, हिरवंगार, वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुकत जाणारं. नाकात तसं शेत असतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. आणि कळलं तेव्हा माझ्या शेतात नुसते खुंट उरले होते.

पुढच्या खेपेला सोबतीला सुलभा आली. डॉक्टरीण म्हणाली, एक साधी चाचणी करू. सॅकरिनचा एक कण नाकात आतल्या बाजूला ठेवायचा आणि स्वस्थ बसायचं. नाकातले केस तो कण थराबरोबर घशाकडे नेतात, आणि घशात गोड लागलं की सांगायचं. जितकं लवकर गोड, तितकं नाक चालतं. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, बोलायचं नाही.

"माझ्या पण नाकात टाका की," सुलभा म्हणाली. "बघू तरी कसं आहे." डॉक्टरणीलाही गंमत वाटली असावी. तिने दोघींच्या नाकात कण ठेवले आणि आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसलो, परीक्षेला बसल्यासारख्या.

भिंतीवर नाकाचं चित्र होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मनातून त्या कणाला ढकलत होते. सरक मेल्या, सरक. शेजारी सुलभा हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत होती. चहा उकळून गाळून होईल एवढाही वेळ गेला नसेल, तिने मान वर केली. "आलं की. गोड लागलं. बत्तासा खाल्ल्यासारखं."

डॉक्टरणीने हसून मान डोलावली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक पेशंट आत जाऊन आला, दुसरा गेला. माझ्या घशात काही नाही. कोरडा घोट. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, राहू दे आज. पुन्हा कधीतरी करू." अशा आवाजात म्हणाली, जसं नापास झालेल्या पोराला म्हणतात.

टॅक्सीत सुलभा म्हणाली, "माझं मेलं नाकच घायकुतीला आलेलं. तुमचं सावकाश, म्हणून काय झालं?" आणि पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या, तोंड गोड करा." तिच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो खडा गिळता येईना. दुष्ट माणसाचा राग करता येतो. सुलभाचं काय करायचं?

घरी आल्यावर मी तिच्या नाकाकडे बघायला लागले. आधी कधी बघितलं नव्हतं. साधंच नाक, शेंड्याला थोडं बसकं, डाव्या बाजूला चमकी. आणि आत ते शेत, डुलतंय. दळण निवडताना, केस विंचरताना, सिरीयल बघताना, ती झोपली तरी डुलतंय, आणि तिला त्याची काही किंमत नाही. जे माझं होतं ते तिच्याकडे होतं, असं मला वाटायचं. वेडेपणाच. कोणाचं नाक कोणाकडे जात नाही. पण मत्सराला हिशेब कुठे कळतो?

बसमध्ये कोणी शिंकलं की मी वळून बघायची. लोक तोंड फिरवायचे, मी टक लावायची. कसं झालं ते, एक धक्का, आणि आतला सगळा कचरा बाहेर. रुमालात नाक शिंकरणारा तो जाडजूड माणूस, केवढा मोकळा झाला. मी खिडकीशी, माझ्या मातीच्या गोळ्यासकट.

आणि मग मसाल्याचा दिवस आला. डॉक्टरणीने बजावून सांगितलं होतं, मिरचीच्या धुळीत जाऊ नका, आत झाडायला कोणी नाही सध्या, जे जाईल ते तिथेच बसेल. ह्यांनीही सांगितलं. सुलभाही म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा घरी. मी आणते करून." तिने तसं म्हटलं नसतं तर मी कदाचित बसले असते.

मी मास्क लावून गेले. गल्लीत तोच गोंधळ, तोच लाल उजेड, प्रत्येक दुकानापुढे रांगा. आमच्या नेहमीच्या दुकानात भाजायला जे मामा बसतात त्यांनी सवयीने धणे कढईत सोडले, थोडा वेळ परतले आणि माझ्याकडे बघितलं. "काकी, बघा."

मी मास्क खाली केला आणि वाकले. मिरचीचा ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं. झोंबण्याची नस वेगळी असते म्हणे, ती जिवंत होती. पण धणे? काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. गरम हवा तेवढी लागली. मामा ढवळत होते आणि वाट बघत होते. सासूबाई थांबल्या होत्या तसे सगळे थांबले होते, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मग माझ्या खांद्याच्या मागून सुलभाचा आवाज आला, अगदी हळू, "काढू या ना, वहिनी?"

मी मान हलवली. कढई उतरली.

तिने मला विचारलं हे तिचं मोठेपण, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. दगडफुलाला तिनेच सांगितलं, बडीशेपेला तिनेच. दरवेळी "ना, वहिनी" जोडून. मी डबा धरून उभी होते. कांडपाशी सगळ्या बायका शिंकल्या, नाकं पुसली, हसल्या आणि मोकळ्या झाल्या. सुलभा तर सटासट शिंकली, नाकाचा शेंडा लाल झाला, पाणी गळलं, पुसलं, संपलं. माझ्या आत जे गेलं ते तिथेच राहिलं. पुढच्या चारपाच दिवसांत गालाच्या हाडांत ठणका, कपाळात ठणका, ताप, आणि जे सुटलं ते पिवळंजर्द. डॉक्टरीण रागावली. झाडणारं कोणी नसलं की जंतूंना आयतं घर मिळतं, हे ती आधीच म्हणाली होती. गोळ्यांचा कोर्स घेतला, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, सुजलेलं तोंड घेऊन पडून राहिले.

मी पडलेली असताना समोरच्या घरात नवीन मसाल्याची पहिली कोंबडीची सागोती झाली. वडे, सागोती, सोलकढी. आम्हाला जेवायला बोलावलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दिराने बोटं चाटली. ह्यांच्या तोंडून इतकी वर्षं मसाल्याबद्दल फक्त "बरा झालाय" ऐकलेली मी. त्या दिवशी ते म्हणाले, "सुलभा, यंदा मसाला काय झालाय गो." मी सुद्धा खाल्लं. जिभेला मीठ कळलं, तिखट कळलं, खोबऱ्याचा खरखरीतपणा कळला. बाकी काही नाही. सांगाडा होता, मांस नव्हतं.

त्या पंगतीत एकटी मीच अशी होते जिला सुलभाचा मसाला कसा झालाय ते माहीत नव्हतं. वाईट झाला असता तर मला आनंद झाला असता, पण तोही नशिबात नव्हता. नावं ठेवायला सुद्धा नाक लागतं. दुसऱ्याच्या हातचं बेचव आहे की रुचकर, तेही दुसऱ्यांनीच सांगायचं आणि आपण मान डोलवायची, ह्यासारखी लाचारी नाही. लोक म्हणतात, डोळे गेले तर काय, कान गेले तर काय. नाकाचं कोणी काही म्हणत नाही. नाक गेलेलं दिसत नाही ना.

पावसाळा तसाच गेला. डॉक्टरणीने व्यायाम दिला होता. रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, वेलची, कॉफीची पूड, एकेकाला नाक लावायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचं. मी डब्यांसमोर देवपूजेला बसावं तशी बसायची. लवंग हुंगायची आणि लवंगेला आठवायची. आठवण असायची, वास नसायचा. मेलेल्या माणसाच्या फोटोशी बोलावं तसं ते. सुलभा येऊन बसायची. "आली का लवंग?" "नाही." "येईल." आणि तिचा तो "येईल" मला कडू लागायचा, कारण तिच्यासाठी ती लवंग दारातच उभी होती.

आणि पहिला वास आला तो कशाचा, सांगू? नवरात्रात एका सकाळी सुलभा माझ्या पुढ्यात वाकून ताट ठेवत होती आणि मला माक्याच्या तेलाचा वास आला. तिच्या डोक्याचा. इतक्या महिन्यांनी जगाने पहिला वास पाठवला तो तिचा. ती गेल्यावर दार लावून रडले. आनंदाने रडले की कशाने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर वास एकेक करून आले, पाहुणे येतात तसे, कोणी लवकर, कोणी रेंगाळत. गटाराचा आला, फिनेलचा आला, लवंगेचा अर्धवट आला. धण्याचा दिवाळीत आला. दगडफुलाचा अजून पूर्ण नाही, लांबून हाक आल्यासारखा येतो. डॉक्टरणीने पुन्हा सॅकरिनचा कण ठेवला. गोड लागलं. सुलभाएवढं लवकर नाही, पण लागलं.

परवा आम्ही दोघी ह्या वर्षीचा मसाला करायला गेलो. कढईशी कोण उभं राहणार, हे दोघींच्याही मनात, आणि विचारायचं कोणी? मामांनी धणे सोडले, परतले, आणि ह्या वेळी त्यांनी दोघींकडे बघितलं. आम्ही दोघी एकदमच वाकलो. कपाळं आपटता आपटता राहिली.

"काढा," सुलभा म्हणाली.

"थांब. अजून नाही," मी म्हटलं.

"वहिनी, झालेत."

"कच्चे आहेत गो. गवत येतंय अजून."

"गवत गेलं मघाशीच. आता गोड येतंय."

"तुला येत असेल."

मामा म्हणाले, "ठरवा काय ते. धणे माझी वाट बघणार नाहीत." मागच्या रांगेतली बाई म्हणाली, "अहो, घरी भांडा की." सुलभा लाल झाली, पण हटली नाही. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा "ना, वहिनी" न जोडता उलट उत्तर दिलं होतं. शेवटी मामांनीच अर्धे धणे तिच्या शब्दावर उतरवले आणि उरलेले माझ्या शब्दावर. पुढचा प्रत्येक जिन्नस तसाच, अर्धा तिचा, अर्धा माझा. दोन डबे झाले. दोन वेगळे मसाले. आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

आज सकाळी मी दोन्ही मसाले जरा जरा घेऊन दोन भांड्यांत डाळीची आमटी केली. घरात कोणी नव्हतं. आधी माझी चाखली. चांगली होती. मग तिची चाखली.

मी ओट्याशी उभी राहिले. पुन्हा चाखली. तिची जास्त चांगली होती. धणे नेमके गोडावर सुटलेले, दगडफूल मागून हळूच येणारं. माझ्यात करपटाची एक बारीक रेघ होती, दुसऱ्या कोणाला कळणार नाही अशी. मला कळली. माझ्या स्वतःच्या नाकाने मला सांगितलं, कोणी बाहेरचं नाही. एकीकडे पोटात जळत होतं आणि दुसरीकडे असं वाटत होतं की इतकं स्वच्छ, इतकं नेमकं जळायला मी वर्षभर तरसले होते.

वाटी घेऊन समोरच्या दाराशी गेले. सुलभा पोळ्या लाटत होती.

"काय गो, तुझ्यातला वाटीभर मसाला दे."

तिने लाटणं थांबवलं. "का? तुमचा डबा भरलाय की."

"तो पाहुण्यांसाठी ठेवलाय."

तिने लाटणं बाजूला ठेवलं. मग हात धुतले आणि डब्याचं झाकण उघडलं.